आमच्या वाड्यातल्या काकांना

ती. काकांना सादर नमस्कार,

त्या रविवारी तुम्ही निघालात तेव्हा मी दारात उभी राहून "काका, फार उपकार झाले" एवढंच बोलू शकले. तुम्ही "अगं, एका लगचं काम होतं" म्हणत जिना उतरलातसुद्धा. (लग म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची पकड.) माझे हात तेव्हा कापत होते. म्हणून आज सावकाश लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. आमच्या ओट्यावर जे घडता घडता राहिलं, ते कुणाच्याही घरी घडू शकतं.

आमचा मायक्रोवेव्ह साधा, 20 लिटरचा, 700 वॉटचा. दिवा लागायचा, थाळी फिरायची, पंखा चालायचा, वेळ संपली की घंटीही वाजायची, पण आमटी गार ती गारच. सासऱ्यांना रात्री दोनदा गरम पेज लागते, त्यामुळे मी अगदी घायकुतीला आले होते. सर्व्हिसवाल्यांनी न बघताच फोनवर निकाल दिला, "मॅग्नेट्रॉन गेला, नवीन घ्या." मॅग्नेट्रॉन म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. मग बारावीतल्या आमच्या चिरंजीवांनी कुठलासा व्हिडिओ पाहून तो चालवून बघितला, प्लग काढला आणि मागचे स्क्रू सोडून कव्हर उतरवलं. प्लग काढलाय ना, मग काय होणार, असं मलाही वाटलं. मी शेजारी कणीक मळत होते.

तुम्ही पेपर परत द्यायला आलात आणि दारातूनच म्हणालात, "थांब. हात मागे घे."

ओरडला नाहीत. पण त्या आवाजाने तो जागच्या जागी थांबला. त्याची बोटं त्या चपट्या, लांबट, चंदेरी डब्यापासून चार बोटांवर होती, काका. ते अंतर मला अजून दिसतं.

तुम्ही घरी जाऊन पेटी घेऊन आलात. ओटा कोरडा करायला लावलात. घड्याळ आणि अंगठी काढून खिडकीत ठेवलीत. डावा हात पाठीमागे नेलात आणि उजव्या हातात ती लांब मुठीची सळई घेतलीत. तिच्या वायरीत मोठा रेझिस्टर, म्हणजे विजेचा जोर अडवणारा भाग, होता आणि वायरीचं टोक चिमट्याने ओव्हनच्या बॉडीला लावलेलं होतं. सळई डब्याच्या पायाला टेकताच बारीक 'टिक्' झालं आणि मोहरीएवढी निळी ठिणगी उडाली. प्लग काढून तेव्हा पंधरा मिनिटं तरी झाली होती. दुसऱ्या पायालाही तसंच केलंत, थोडं थांबून दोन्ही पाय एकमेकांना जोडून पाहिलेत, आणि मगच मुलाला म्हणालात, "आता ये, बघ."

घरातली वीज 230 व्होल्टची. आतला ट्रान्सफॉर्मर ती दोन हजारांच्या वर नेतो आणि तो डबा, म्हणजे कपॅसिटर, ती धरून ठेवतो. त्याच्या पोटात वीज हळूहळू उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तो तुटला तर बाहेरून काहीच कळत नाही. आमचा तुटलेला होता. रावपुऱ्याच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करताना बंद सेटच्या पिक्चर ट्यूबने तुम्हाला एकदा भिंतीवर फेकलं होतं, हे तुम्ही त्याला तेव्हाच सांगितलंत. उपदेशापेक्षा ते त्याच्या जास्त मनात उतरलं. कव्हर उघडायला सांगणारे पण कपॅसिटरचं नाव न घेणारे व्हिडिओ लोक का टाकतात, याचा मला अजून संताप येतो.

पुढचा तासभर तुम्ही त्याला जे शिकवलंत, ते त्याने वहीत लिहून ठेवलंय. मीटर लावल्यावर मॅग्नेट्रॉनच्या दोन टोकांत एक ओहमहून कमी अडथळा आला, टोकापासून बॉडीपर्यंत काहीच आलं नाही, म्हणजे तो बहुतेक ठीक. डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, साध्या मीटरवर दोन्हीकडून बंदच दिसतो, म्हणून सोबत 9 व्होल्टची बॅटरी जोडून तपासायचा. तोही ठीक. मग तुम्ही मॅग्नेट्रॉनची वायर नुसती बोटाने हलवलीत आणि लग हातातच आला, तापून निळा-तपकिरी पडलेला. मॅग्नेट्रॉनच्या आतली तार, म्हणजे फिलामेंटच, तापत नव्हतं, म्हणून वीज खर्चच होत नव्हती आणि कपॅसिटर मात्र भरून बसत होता. नवा लग दाबून बसवलात, कपॅसिटर बदललात. निकालात काढलेला मॅग्नेट्रॉन तोच आहे.

दाराचे स्विच बायपास करून, म्हणजे वगळून वायरी थेट जोडून, बघू का, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. तिथे तीन स्विच असतात, आणि पहिले दगा देऊन चिकटले तर तिसरा मुद्दाम शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. दार उघडं असताना ओव्हन कधीच चालू नये यासाठी ही सगळी योजना. "ती ज्याने केली तो आपल्यापेक्षा शहाणा होता," म्हणालात.

कव्हरचे सगळे स्क्रू बसल्याशिवाय तुम्ही प्लगला हात लावू दिला नाहीत. मग लिटरभर पाणी, बरोबर एक मिनिट. आधी 27 अंश, नंतर 37. एका अंशाला साधारण 70 वॉट, म्हणजे 700. हा हिशेब मुलाने तुमच्याआधी केला, तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन, म्हणजे इथली तंत्रशिक्षणाची संस्था, काढलं ते अशा हातांसाठीच, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही तिथलेच.

पैसे घेतले नाहीत, फक्त वाटीभर सेव-उसळ खाल्लीत. सासऱ्यांना त्या रात्री वाफाळती पेज मिळाली.

जुन्या कपॅसिटरच्या पायांना तांब्याची तार गुंडाळून तो तुम्ही मुलाला दिलात. त्याने तो टेबलावर ठेवलाय आणि तार सोडलेली नाही. त्याला तुमच्याकडे मीटर वापरायला शिकायचंय. तुमची दुपारची झोप झाली की पाच वाजता पाठवू का?

तुमची,
वरच्या मजल्यावरची सूनबाई
दांडिया बाजार, वडोदरा