आकडा संमतीपत्रावर छापा

स.न.वि.वि.
अँजिओप्लास्टी ठरली की नातेवाईक स्टेंटची कंपनी आणि किंमत विचारतात. डॉक्टर वर्षाला किती अँजिओप्लास्टी करतात, हे क्वचितच. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांनी २०१३ मध्ये डॉक्टरसाठी किमान ५० (आधी ७५ होते), रुग्णालयासाठी २०० अशी वार्षिक मर्यादा सुचवली.

सरावाचा फरक दिसतो तो अडचणीत. हृदयापर्यंत नळी नेण्यासाठी जांघेत टोचायची सुई जरा वर टोचली गेली, तर रक्त पोटामागे साचते. बाहेर काहीच नाही, फक्त कंबर दुखते आणि रक्तदाब घसरतो. हृदयाची धमनी फाटलीच, तर सरावलेला हात तिथेच फुगा फुगवून आधी गळती थांबवतो, मग कव्हर्ड स्टेंट (आवरण असलेला, छिद्र बुजवणारा) मागवतो.

हार्ट अटॅकमध्ये अर्थातच चौकशा नकोत, तिथे रुग्णालयात पोहोचल्यापासून धमनी उघडेपर्यंत ९० मिनिटांचा हिशेब. पण ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीत डॉक्टरचा हा वार्षिक आकडा संमतीपत्रावर छापायला काय हरकत आहे?

– एक कॅथलॅब तंत्रज्ञ, नाशिक