नियमित शिक्षक येईपर्यंत वर्ग चालू ठेवण्यासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि मुंबईकर चाकरमानी बंधुभगिनींना शाळा व्यवस्थापन समितीचा सप्रेम नमस्कार.

खाडीकाठच्या आपल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची ३७ मुले शिकतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक द्यावे लागतात आणि संचमान्यतेतही, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीतही, आपल्याला दोन पदे मंजूर आहेत. प्रत्यक्षात मे महिन्यात गुरुजींची आंतरजिल्हा बदली झाल्यापासून एक पद रिक्त आहे. बदलीबद्दल आमची तक्रार नाही, कारण आईवडील मराठवाड्यात आणि नोकरी समुद्रकाठी अशी नऊ वर्षे त्यांनी काढली. मात्र त्यांना कार्यमुक्त करताना त्यांच्या जागी कोण येणार, याचे उत्तर आम्हाला आजवर मिळालेले नाही. नवी भरती शिक्षक अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर 'पवित्र' या शासनाच्या शिक्षक भरती पोर्टलमार्फत होते, आणि ती पार पडून उमेदवाराच्या हाती शाळेचा आदेश पडेपर्यंत अख्खे सत्र सरते, हा कोकणाला नवा अनुभव नाही.

सध्या बाई एकट्या आहेत. फळ्यावर खडूने चार उभ्या रेघा ओढून त्यांनी पाच रकाने केले आहेत. एकात पाचवीचे अपूर्णांक असतात, टोकाच्या रकान्यात पहिलीचा 'ग', आणि बाई अपूर्णांकांत गुंतल्या की चौथीतली एक मुलगी पहिलीच्या मुलांची बोटे धरून तो 'ग' गिरवून घेते. त्यातच पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणे आहेच. बाई शिक्षकांच्या शिक्षण परिषदेला गेल्या की शेजारच्या शाळेतले गुरुजी तात्पुरत्या कामगिरीवर येतात. म्हणजे त्या दिवशी तिकडचे वर्ग अडतात.

म्हणून जुलै ते एप्रिल असे दहा महिने मानधनावर स्थानिक शिक्षक नेमण्याचा ठराव समितीने केला आहे. बारावी झालेले कोणीही चालेल, अशी सूचना बैठकीत आली होती, ती आम्ही स्वीकारली नाही. सहा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवणे हे शिकून घ्यावे लागणारे काम आहे, त्यामुळे डी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण उमेदवारच घेतला जाईल. अशा कितीतरी लेकी-सुना पंचक्रोशीत भरतीची वाट पाहत बसल्या आहेत. त्यांनी मूळ प्रमाणपत्रांसह शाळेत भेटावे.

दरमहा ९,००० रुपयांप्रमाणे ९०,००० रुपये लागतील. गावातून २६,००० रुपये जमले असून उरलेल्या ६४,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे. गणपतीला गावी येणाऱ्यांनी रक्कम शाळेत जमा करून पावती घ्यावी. पालकांना वेगळी विनंती अशी, की शिक्षक नाही म्हणून मुलांचे दाखले काढू नयेत. पदे पटावर ठरतात आणि पट घसरला की आपली मागणीच लंगडी पडते.

या व्यवस्थेमुळे रिक्त पद भरल्याचे कोठेही दाखवले जाणार नाही, असे ठरावात नमूद केले असून पदासाठीचा लेखी पाठपुरावा चालूच राहील. नियमित शिक्षक मध्येच हजर झाल्यास शिल्लक रक्कम देणगीदारांना विचारून परत केली जाईल किंवा वाचनाच्या पुस्तकांसाठी वापरली जाईल.