बाळंतीण भिंतीकडे तोंड करून झोपते तेव्हा

संपादक महोदय,

लेकीच्या बाळंतपणाला दीड महिना झालेला, डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं सुरू, पण बाळ रडलं तरी ही भिंतीकडे तोंड करून पडून, आणि मी आपली ‘आम्ही नाही का पोरं वाढवली’ म्हणत राहिले, चुकलंच माझं. पहिले दोन आठवडे रडू येणं कॉमन, पण त्यापुढे लांबलं तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर काउन्सेलिंग, औषधं आहेत, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. बापांनाही होतं म्हणे! बाळाच्या लसीला जातोच ना, तिथेच आईला दहा प्रश्न विचारा की, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची ही दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली १९८७ पासून आहे. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलतात. आमच्याकडे तो नंबर आता पाळण्यामागे चिकटवलाय.

– एक आजी, सातारा