तोसदानं शिवून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

असईला २३ सप्टेंबरसाठी, म्हणजे इंग्रज-मराठे लढाईच्या देखाव्यासाठी, आम्ही शिंद्यांच्या कंपूतले (कवायती फौजेतले) शिपाई उभे करतो. त्यांची तोसदानं, म्हणजे काडतुसं ठेवायच्या चामडी पेट्या, तुमच्या हातची. बघणाऱ्यांची नजर बंदुकीवर जाते, म्हणून हे जाहीर पत्र.

खरं तर बंदुकीत काही नाही. नळीच्या जागी भरीव सागवानी दांडा, वर काळा रंग. शिपाई खरा वाटतो तो तोसदानानं. १८०३ साली शिंद्यांचा सेनानी पोलमन याच्या पलटणी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात उभ्या होत्या, तेव्हा दिवस पावसाळ्याचे. काडतूस म्हणजे कागदाची पुंगळी. आतली दारू सर्दावली की बंदुकीची काठी झाली.

तुम्ही क्रोमचं (क्रोमच्या क्षारांत कमावलेलं) चामडं बाजूला सारलंत आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं काढलंत, तिथंच अर्धं काम झालं. क्रोमचं दिसायला मऊ, देखणं. पण ओलं करून साच्यावर ताणलं तरी वाळल्यावर आकार सोडतं. सालीचं चामडं बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलं, ठोकळ्यावर बांधलं आणि सावलीत वाळवलं की घेतलेला आकार धरून बसतं. उन्हात ठेवू नका हे तुम्ही बजावलंत ते बरोबरच. आपल्याकडच्या उन्हात वरचा थर आखडतो, आतला ओलाच राहतो, आणि कोपऱ्यांवर भेगा पडतात. काही हौशी मंडळी घाईत उकळतं पाणी वापरतात. त्यानं चामडं आक्रसतं, कडक होतं आणि दुमडलं की तडकतं.

काडतुसं ठेवायचा आतला ठोकळा २० बाय ८ सेंटीमीटरचा, तीन ओळींत २४ भोकं, प्रत्येक भोक २० मिलिमीटरचं. झाकण तुम्ही पार तळापर्यंत आणलंत आणि दोन्ही बाजूंना कान ठेवलेत. अर्ध्यावर थांबलेल्या झाकणातून धावताना पुंगळ्या उडतात, पाऊसही कडेनं शिरतो. जाडी ३ मिलिमीटर. याहून पातळ घेतलं तर झाकण वाऱ्यानं फडफडतं, आणि जाड घेतलं तर दुमडायच्या जागी अडतं. त्या दुमडीवर तुम्ही रापीनं (चामडं तासायच्या पात्यानं) आतून निम्मी जाडी उतरवलीत. बोट फिरवलं तरी पायरी लागत नाही! हे यंत्रानं होतही असेल, पण असं नाही होत.

शिलाई दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्याची. आरीच्या एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा जातो, त्यामुळं एक तुटला तरी दुसरा धरतो. मशीनची शिलाई एका जागी झिजली की वीतभर उसवते. इंचाला सहा टाके. हौसेनं दहा घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटून येतं. विहिरीचं पाणी ओढायच्या चामडी मोटा शिवलेल्या घरातला हात आहे, लपत नाही.

रिवेट पितळीच घातलेत. लोखंडी असले तर सालीतल्या टॅनिनशी गाठ पडून चामड्यावर काळे डाग उमटतात. पितळेला हिरवं धरतं, ते चिंचेनं निघतं. नंतर ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडं करायचं.

पुंगळ्यांत आम्ही लाकडाचा भुसा भरतो. ज्वारी भरली की किडे आणि मागोमाग उंदीर. तोसदानं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत नाही, बुरशी येते. सुती कापडात गुंडाळून टांगतो. एरंडेल फडक्यावर घेऊन हलका हात, तेही कोरडं वाटलं तरच. तेल जास्त झालं की चामडं लोंबतं.

पोळ्याआधी तुमच्याकडं बैलांच्या घुंगरपट्ट्यांची घाई असते, म्हणून संगिनींच्या म्यानांचं काम पोळा झाल्यावर घेऊन येतो. पातं तीनधारी, १७ इंची. लाकडी साचा आम्ही करून आणू. शिवण सपाट बाजूच्या मधोमध घ्या, धारेवर आली तर घासून लवकर जाते. चामडं तुम्हीच निवडा. आणि या खेपेला मजुरी पूर्ण घ्या, निम्म्यावर सोडायची नाही.

तुमची,
असईच्या कंपूची मंडळी