मुहूर्त नसेल तेव्हाच आमची तालीम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडच्या नाटकाच्या तालमी बंद पडणार, म्हणून हे पत्र लिहितेय. तुळशीच्या लग्नाचा आणि तालमीचा काय संबंध असं वाटेल, तर सांगते. मी शिवण्यात राहते, एनडीए रोडला. आमच्या भागात एक छोटी संस्था आहे, रजिस्टर्ड ट्रस्ट, मुलांची नाटकं बसवतात, हलगी-ढोलकी शिकवतात, शनिवारी मोठ्यांचं वाचन असतं. स्वतःची जागा नाही. एका मंगल कार्यालयाचे मालक बुकिंग नसेल त्या दिवशी हॉल फुकट वापरू देतात, लाइटबिलाचेही पैसे घेत नाहीत, त्यांचे खरंच उपकार आहेत. पण त्यामुळे आमचं सगळं वर्ष पंचांगावर चालतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नं थांबतात, हॉल मोकळा, तालमी जोरात. कार्तिकात मुहूर्त सुरू झाले की आठवड्यातला एखादा दिवस मिळतो, नाहीतर तोही नाही. गेल्या वर्षी दिवाळीपर्यंत ३१ मुलं यायची, जानेवारीत मी मोजली तर १४. बाकीची मुलं काही नाटकाला कंटाळली नव्हती हो, "काकू आज आहे का" असं रोज विचारून विचारून थकली.

ही मुलं कोण ते सांगायला हवं. २०१७ मध्ये जी ११ गावं पुणे महापालिकेत आली त्यात शिवणे होतं, पण गाव त्याच्या आधीच बदललं होतं. इथे मूळ गावकरी आहेत, छोट्या छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला लातूर, बीड, सोलापूरकडून आलेली कुटुंबं आहेत, आणि आमच्यासारखे फ्लॅट घेऊन आलेले आहेत. तिघं एकाच रस्त्यावर राहतात, एकाच दुकानातून दूध घेतात आणि एकमेकांचं नावसुद्धा माहीत नसतं. आमच्या सोसायटीच्या मागे भिंत आहे, भिंतीपलीकडे भाड्याच्या खोल्या. भिंतीत एक छोटं गेट आहे, ते सिक्युरिटीसाठी म्हणून कायम कुलूप लावून बंद. मी इथे २००९ पासून राहते आणि पलीकडे कोण राहतं ते मला दहा-बारा वर्षं माहीत नव्हतं. माझा मुलगा नाटकाला जायला लागला आणि त्याच्याबरोबर काम करणारी चार मुलं भिंतीपलीकडची निघाली. आमच्या मुलांना मंगल कार्यालय मागच्या बाजूने दोन मिनिटांवर आहे आणि पुढून गेलं तर मेन रोडच्या ट्रॅफिकमधून मोठा वळसा, त्यामुळे आम्ही आयांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. पहिल्या मीटिंगला भांडणंच झाली, चोऱ्या होतील, कोणीही आत येईल वगैरे. दुसऱ्या मीटिंगला पलीकडच्या दोघी आया स्वतः आल्या, एक तर शिफ्टवरून थेट आली होती, आणि त्या म्हणाल्या की आमचीही मुलं रात्री याच रस्त्याने एकटी परत येतात, भीती आम्हालाही वाटते. त्यानंतर कोणी फार बोललं नाही. आता ते गेट संध्याकाळी ६ ते ९.३० उघडं असतं, चावी वॉचमनकाकांकडे. एवढंच झालंय. पण आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांतल्या पोळ्या आता पलीकडच्या एक ताई करून देतात, आणि माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा रिक्षा घेऊन धावत आला तो पलीकडच्याच एका मुलाचा बाप होता.

हलगी शिकवणारे काका दिवसा फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डिंग करतात. हलगी आधी शेकून घ्यावी लागते, चामडं तापलं की आवाज चढतो, हे मला इथेच कळलं. सुरुवातीला आमच्याकडच्या काही पालकांना तो क्लास नको होता, तबला ठेवा म्हणाले, आणि त्या नकोमागे काय होतं ते सगळ्यांना कळत होतं, काकांनाही. संस्था चालवणाऱ्या मुलींनी वाद घातला नाही, क्लास चालू ठेवला. आज त्यात अर्धी मुलं सोसायट्यांमधली आहेत आणि काकांना सगळे सर म्हणतात.

आणि एक मावशी आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, माहेर मुळशीकडचं. त्या नातीला सोडायला यायच्या आणि पायरीवर बसून राहायच्या. एकदा पाऊस होता म्हणून आत बोलावलं तर बोलता बोलता जात्यावरच्या ओव्या म्हणायला लागल्या, एकीतून दुसरी, थांबेचनात. मुळशी आणि आजूबाजूच्या गावांमधून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी बायकांच्या अशा ओव्या वर्षानुवर्षं गोळा केल्या, एक लाखाच्या वर भरल्या त्या! हे मी वाचलं होतं, पण माझ्यापासून चार फुटांवर बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. आता मुलांच्या नाटकाची सुरुवात मावशींच्या ओवीने होते. त्यांच्या सुनेने सांगितलं की घरात त्या ओव्या कोणी कधी ऐकूनच घेतल्या नव्हत्या.

पुण्यात हे नवीन नाही. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये भारत गायन समाज काढला, १९५३ पासून आर्य संगीत प्रसारक मंडळाचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून, आणि १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे आणि थिएटर अकॅडमीने बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांसाठीचं नाटक इथे आणलं, ज्यात मोठी माणसं मुलांची कामं करतात आणि गोष्टी राजाराणीच्या नाही तर आपल्या घरातल्या असतात. हे सगळं माणसांनी आणि संस्थांनी उभं केलं, आणि त्यांना बसायला, तालीम करायला कुठेतरी ठरलेली जागा मिळाली म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. पेठेतल्या मुलाला भरत नाट्य मंदिर, सुदर्शन रंगमंच चालत जाण्याइतकं जवळ आहे. आमच्या मुलांना सगळ्यात जवळ म्हणजे कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, आणि तिथे प्रयोग बघता येतो, रोजची तालीम नाही करता येत. आणि माणसं जोडली जातात ती प्रयोगाच्या दिवशी नाही, तालमीला. रोज दीड तास, तीच माणसं, कोणीतरी वाक्य विसरतं, कोणीतरी डब्यातलं काढून देतं, उशीर झाला तर कोण कोणाला घरी सोडणार हे ठरतं. ढोल-ताशा पथकातही असंच होतं, पण ते गणपतीपुरतं, दोन अडीच महिने. आम्हाला वर्षभर हवंय.

मी अकाउंट्सचं काम करते त्यामुळे संस्थेचे हिशेब मीच बघते, फुकट. दरवर्षी ऑडिट होतं, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला जातं, सगळं चोख आहे. सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशासाठीही प्रयत्न केला. कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के ज्या कामांवर खर्च करावा लागतो त्यांच्या यादीत कला-संस्कृती स्पष्ट लिहिलेली आहे. एका कंपनीकडून आलेल्या फॉर्ममध्ये लाभार्थींची संख्या विचारली होती, ती मी भरली, पण ते गेट उघडलं हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. उत्तर आलं नाही अजून.

पण पैशापेक्षा जागा आधी हवी. गावात शाळा आहे, तिचा हॉल संध्याकाळी सहानंतर कुलपात. समाजमंदिर आहे, तेही बहुतेक वेळा बंद. आम्ही अर्ज केला, तीन ठिकाणी पाठवलं, प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं, कोणी लेखी नाहीही म्हणत नाही. आमचं म्हणणं साधं आहे. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांमधल्या शाळांचे हॉल, समाजमंदिरं संध्याकाळी ६ ते ९ अशा नोंदणीकृत कला संस्थांना वापरायला द्या, आमच्या एकट्या संस्थेला नाही, ज्यांचं ऑडिट नीट आहे त्या कोणालाही. लाइटबिल घ्या, डिपॉझिट घ्या, वॉचमनचा ओव्हरटाइम आम्ही भरतो, झाडून चावी परत देतो. फक्त वर्षाचं वेळापत्रक एकदा ठरवून द्या, म्हणजे मुलांना आज आहे का हे विचारावं लागणार नाही. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरला तर कोणीतरी अर्ज उघडून तरी बघेल.

या रविवारी संध्याकाळी ६ वाजता आमची सलग चाललेल्यातली शेवटची तालीम आहे. नंतरच्या तारखा मंगल कार्यालयाची डायरी बघून कळवू, असं मी कालच ग्रुपवर टाकलंय.

आपली,
एक वाचक, शिवणे, पुणे