खरूज एका मुलाची नसते, घराची असते : मध्य प्रदेशच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

सविनय नमस्कार, विनंती विशेष.

पावसाळा सुरू झाला तेव्हा जुन्या इंदुरातल्या आमच्या मोहल्ल्यात आपल्या विभागाचे अधिकारी आले होते. घराघरांत मुले रात्रभर अंग खाजवत जागी असतात, अशी तक्रार आम्ही बायकांनी मिळून केली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मुलांचे हात पाहिले, ही खरूजच आहे हे मान्य केले आणि सर्वांसमक्ष शब्द दिला की एक दिवस ठरवून मोहल्ल्यातल्या लहान-मोठ्या प्रत्येकाला एकाच रात्री मलम लावले जाईल. गेल्या आठवड्यात मलम आले. शाळेच्या यादीतल्या ज्या मुलाच्या अंगावर पुळ्या दिसल्या त्याला ३० ग्रॅमची एक ट्यूब मिळाली. बाकीच्या घराला काहीही नाही. वाटप करणाऱ्या ताईंना विचारले तेव्हा त्यांनी वरून आलेली यादी पुढे केली. त्यांना मी दोष देत नाही, कारण शब्द त्यांनी दिला नव्हता. शब्द आपल्या विभागाने दिला होता, म्हणून हे पत्र आपल्याला.

एका मुलाला एक ट्यूब दिल्याने खरूज का जात नाही, हे आपल्या विभागातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. खरूज एका बारीक किड्यामुळे होते आणि त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती कातडीच्या वरच्या थरात भुयार खणत जाते, रोज दोन-तीन अंडी घालते आणि महिना-दीड महिना तिथेच जगते. ज्याला पहिल्यांदाच लागण झाली त्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, कारण ती खाज म्हणजे शरीराने त्या किड्याला दिलेली प्रतिक्रिया असते आणि ती उभी राहायला तेवढा काळ जातो. तोवर तो माणूस ठणठणीत दिसतो आणि किडा त्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात राहतो. आपण ज्या मुलीला मलम दिले ती रात्री ज्या आजीच्या कुशीत झोपते, त्या आजीच्या अंगावर एकही पुळी नसताना मुलीला पुन्हा लागण होऊ शकते. आणि दुसऱ्या खेपेला खाज आठवड्यांची वाट पाहत नाही, एक ते चार दिवसांत परत येते. मग घरातले म्हणतात की औषधाचा गुण आला नाही, आणि नोंदवहीत मात्र त्या मुलीवर उपचार पूर्ण झालेले असतात.

आमच्याच घराचा हिशेब आपल्यापुढे ठेवते. चार मोठी माणसे आणि तीन मुले. परमेथ्रिन ५ टक्के हे खरजेवरचे मलम मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, बेंबी, काखा, जांघा यांपैकी काहीही न सोडता लावावे लागते, आठ ते चौदा तास अंगावर ठेवावे लागते आणि आठवड्याभराने सगळे पुन्हा करावे लागते. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० ग्रॅम मलम लागते. म्हणजे चार मोठ्यांच्या दोन वेळांसाठीच २४० ग्रॅम झाले, मुलांचे त्याहून वेगळे. आम्हाला मिळाले ३० ग्रॅम. हा हिशेब कोणत्याही कारकुनाला पाच मिनिटांत करता आला असता, आणि तो केला गेला नाही याचा मला आपल्याकडून खुलासा हवा आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या मनगटांवर आणि कमरेभोवती प्रथम पुरळ आले तेव्हा ते घामोळे ठरले, नंतर ॲलर्जी ठरले आणि नंतर एका औषधाच्या दुकानदाराने नायटा आहे असे सांगून एक मिश्र मलम दिले, ज्यात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज दबते, लाली उतरते, आईला वाटते की मूल बरे होत आहे, आणि किडा मरत नसल्यामुळे आतून तो वाढतच राहतो. पुढे पुरळाचे रूपच असे बदलते की डॉक्टरलाही ते ओळखणे अवघड जाते. स्टेरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम कडक केले. आमच्या मोहल्ल्यात आजही ती मलमे मागितल्याबरोबर मिळतात. औषध निरीक्षक हे पद आपल्याच शासनात आहे ना? या काळात माझी मुलगी झोपेत रक्त येईपर्यंत खाजवत होती. तिचे हात मी माझ्या हातांत धरून बसत असे, कारण धरले नाहीत तर सकाळी चादरीवर डाग असत. वर्गात तिला वेगळ्या बाकावर बसविले गेले आणि गणेशोत्सवातल्या बालनाट्याच्या तालमीतूनही तिला काढले. तिने पाठ केलेले संवाद ती घरी एकटीच म्हणत होती. ते ऐकताना मला जे वाटले ते मी सरकारी पत्राच्या भाषेत लिहू शकत नाही.

या आजाराचे निदान महाग नाही, म्हणून झालेला उशीर अधिक बोचतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार ठरावीक जागी ठरावीक प्रकारचे पुरळ, अंगाला खाज आणि निकटच्या माणसालाही खाज किंवा तसेच पुरळ, एवढे जुळले तरी खरजेचे निदान करता येते. सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसलाच पाहिजे, अशी अट नाही. रात्री खाज वाढते का आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे दोन प्रश्न विचारायचे आणि मुलाचे हात उघडून बोटांच्या बेचक्या पाहायच्या. तान्ह्या मुलात मात्र तळहात, तळपाय, चेहरा आणि डोकेही पाहावे लागते, कारण मोठ्यांमध्ये जिथे खरूज सहसा येत नाही तिथे तान्ह्यांमध्ये ती येते.

हे पाहण्यासाठी आपल्याकडे योजना नाही असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या व्याधी शोधायच्या त्यांच्या यादीत त्वचारोग आहेत आणि त्यांत खरजेचे नाव स्पष्ट लिहिले आहे. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा व्हावी, पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असावा, हेही लिहिलेले आहे. माझ्या मुलीच्या शाळेत जे पथक आले त्याने उंची मोजली, वजन घेतले, दात पाहिले. बाही वर करून हात कोणी पाहिला नाही. त्याच वर्गात मुले बसल्या बसल्या खाजवत होती.

माझ्या जाऊबाईंचे बाळ चार महिन्यांचे आहे. त्याच्या तळपायांवर पाण्याचे फोड आले, आणि शाळेच्या यादीत नाव असणे शक्यच नसल्यामुळे त्याला ट्यूब मिळाली नाही. एका सरकारी दवाखान्यातून त्याच्यासाठी हातात पडले ते गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइड, म्हणजे लिंडेन हे खरजेवरचे जुने औषध. मज्जासंस्थेवर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्ये या औषधाबाबत कडक इशारा दिला, आणि २००९ मध्ये स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने लिंडेनला घातक रसायनांच्या यादीत टाकताना उवा-खरजेसाठी फक्त दुसऱ्या पसंतीचे औषध म्हणून मुदतीची सवलत ठेवली. ते चार महिन्यांच्या बाळासाठी देताना बाळाचे वय विचारावे असे कोणालाही वाटले नाही. दोन महिन्यांवरील बाळाला परमेथ्रिन चालते आणि त्याहून लहान बाळासाठी गंधकाचे मलम आहे, हे आम्हाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पैसे भरल्यावर कळले. ज्यांच्याकडे ते पैसे नाहीत त्यांच्या बाळांचे काय होते, याची नोंद आपला विभाग ठेवतो का?

आणि आता स्वच्छतेविषयी, कारण या शहरात त्याशिवाय कोणतीही गोष्ट संपत नाही. २०१७ पासून इंदूर देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरविले जात आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यामुळे इथे खरूज झाली म्हणजे ते घर घाणेरडे, असा शिक्का फार लवकर बसतो. शिक्षिकांनी मला नीट आंघोळ घालण्याचा सल्ला दिला. सासूबाई रोज कडुलिंबाचा पाला उकळून मुलीला न्हाऊ घालीत होत्या. त्याने खरूज जात नाही, कारण किडा कातडीच्या आत असतो. नेहमीच्या खरजेत एका माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून दहा-पंधरा किडेच असतात, आणि ते पसरतात ते कातडीला कातडी काही वेळ लागून राहिल्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे स्वयंसेवकांना रुग्णांची न धुतलेली अंथरुणे आणि कपडे वापरायला देऊन पाहिले, तेव्हा त्यातून लागण क्वचितच झाली. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्यात किंवा तीन-चार दिवस पिशवीत बांधून ठेवाव्यात, हे योग्यच आहे. परंतु आठ बाय दहाच्या खोलीत पाच माणसे एका अंथरुणावर झोपत असतील तर त्याचे कारण घाण नसून जागा नाही हे आहे, आणि ते कारण कचरागाडी घेऊन जाऊ शकत नाही. या शिक्क्याच्या भीतीने घरे आजार लपवितात. आमच्या शेजारच्या मुलाच्या खाजविलेल्या जखमा पिकल्या तरी त्याच्या आईने कोणाला दाखविले नाही. काही आठवड्यांनी त्याचा चेहरा सुजला आणि लघवी तांबडी झाली. खरजेच्या जखमांत शिरलेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, हे पुस्तकात लिहिलेले आहे. त्या आईला ते वेळेवर कोणी सांगितले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. कोणत्याही एका वेळी जगात २० कोटींहून अधिक लोकांना ती असते, असा संघटनेचा अंदाज आहे. आणि ही उपेक्षा आपल्याकडे कशी चालते ते आम्ही जवळून पाहिले. शाळा शिक्षण विभागाची, अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, वस्ती नगर निगमची, मलम आपल्या विभागाचे आणि दुकान औषध प्रशासनाचे. किडा यांपैकी कोणाचीही हद्द पाळत नाही, आणि प्रत्येक कार्यालय आपापल्या हद्दीतले काम पूर्ण झाल्याचे कागदावर दाखविते. वाटलेल्या ट्यूबा मोजल्या जातात, बरी झालेली मुले कोणी मोजत नाही. महोदय, जंतनाशक दिनाला हेच शासन एकाच दिवशी लाखो मुलांना गोळी देते. हत्तीरोगासाठी देशातल्या काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन नावाचे औषध घरोघरी समोर उभे राहून खाऊ घातले जाते, आणि तेच आयव्हरमेक्टिन खरजेवरही चालते. फिजी बेटांवर संपूर्ण वस्त्यांना ते दिल्यावर खरजेचे प्रमाण वर्षभरात ३२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आत आले. १५ किलोपेक्षा कमी वजनाची मुले आणि गर्भवती यांना त्याऐवजी परमेथ्रिन दिले होते. यंत्रणेला एका दिवसात सगळ्यांपर्यंत पोहोचता येते हे सिद्ध झालेले असताना आमच्या मोहल्ल्यासाठीच ते अशक्य का ठरले?

आमची मागणी दिलेल्या शब्दाएवढीच आहे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराला माणसांच्या संख्येनुसार दोन वेळचे मलम मिळावे, दोन्ही रात्री आधी जाहीर व्हाव्यात, तान्ह्या बाळांची यादी वेगळी व्हावी आणि महिन्याभराने कोणीतरी येऊन मुलांचे हात पुन्हा पाहावेत. उपचारानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, हे आयांना त्याच वेळी सांगावे, म्हणजे त्या घाबरून पुन्हा स्टेरॉइडच्या दुकानात जाणार नाहीत. पहिला लेप देऊन झाल्यानंतर मुलाला वर्गाबाहेर ठेवू नये, असे लेखी पत्र शाळांना जावे. शासकीय दवाखान्यांतून लहान मुलांसाठी लिंडेन देणे बंद व्हावे.

या पत्राची हिंदी प्रत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठविली आहे. मराठीत ते यासाठी लिहिले की मोहल्ल्यातल्या बायकांनी वाचावे आणि आज रात्रीच आपापल्या मुलांचे हात उघडून पाहावेत. मलमाची तारीख कोणती, एवढे उत्तर आम्हाला लेखी हवे आहे.

आपली,
एक आई
जुने इंदूर