जुन्या गुलाबांच्या बागेविषयी मुक्ताला

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरामागच्या मोकळ्या जागेत जुन्या गुलाबांची बाग करण्याचे तू मनावर घेतले आहेस आणि तिचा आराखडाही पाठवलास, याचा मला फार आनंद झाला. कमानीवर चढलेले गुलाब, वाटेच्या दोन्ही अंगांना फुलांच्या भाराने वाकलेली झुडपे आणि मध्ये बसायला एक बाक, ही बाग मीही पुष्कळ वर्षे मनात बाळगली आहे. तेव्हा उत्साहाला आवर घाल, असे मी मुळीच सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कोणते झाड केव्हा आणि कोणत्या फांदीवर फुलते, हे आराखड्यातल्या प्रत्येक नावापुढे लिहिल्याशिवाय त्याची जागा ठरवू नकोस, आणि ते कळेपर्यंत छाटणीची कात्रीही हाती घेऊ नकोस.

गुलाबाचे जे वर्ग १८६७ पूर्वी अस्तित्वात होते, त्यांना जुने गुलाब म्हणण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी फ्रान्समध्ये गुलाबांच्या नव्या जाती काढणारे गियो यांचा 'ला फ्रान्स' हा गुलाब आला आणि पुढे तो हायब्रीड टी या आधुनिक वर्गातला पहिला मानला गेला. लांब दांड्यांची, टोकदार कळ्यांची जी फुले आज फुलवाल्यांकडे दिसतात, त्यांतली बहुतेक त्याच्याच घराण्यातली आहेत. पण जुने म्हणून सगळे एका स्वभावाचे नव्हेत. गॅलिका, डमास्क, आल्बा आणि सेंटिफोलिया हे युरोपातले जुने वर्ग बहुतांशी वर्षातून एकदाच, काही आठवडे फुलतात, आणि तेही गेल्या हंगामात वाढून पक्व झालेल्या फांद्यांवर. हायब्रीड टीची करतात तशी थंडी संपता संपता त्यांची खरड छाटणी केली, तर येणारा सगळा बहरच कापून टाकल्यासारखे होते. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावर लगेच करावी, म्हणजे नव्या फांद्यांना पुढच्या वर्षासाठी तयार व्हायला वेळ मिळतो. थंडीत फक्त वाळलेले आणि रोगट लाकूड काढावे.

वर्षभर पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण युरोपातल्या बागांना मिळाला तो मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून आलेल्या गुलाबांमुळे. याचे कारण आता संशोधकांना ठाऊक झाले आहे, आणि मला ते फार सुंदर वाटते. गुलाबात एक जनुक नव्या फुटव्यांना फुलण्यापासून रोखून धरतो. चिनी गुलाबांत डीएनएचा एक फिरता तुकडा नेमका त्या जनुकात शिरून बसला आणि त्याचे काम बिघडले. रोखणारा उरला नाही, म्हणून फुटवा आला की त्याच्या टोकाला कळी येते. 'ओल्ड ब्लश' हा फिकट गुलाबी चिनी गुलाब या गुणाचा मोठा वाहक ठरला. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर, जेव्हा त्याचे नाव बूरबाँ होते तेव्हा, 'ओल्ड ब्लश' आणि 'ऑटम डमास्क' यांची कुंपणे शेजारीशेजारी असत. त्यांच्या संकरातून बूरबाँ गुलाब निपजले. अमेरिकेत चार्ल्स्टनजवळ जॉन चॅम्प्नीज या भातशेती करणाऱ्या जमीनदाराच्या बागेतून नॉइझेट वर्गाची सुरुवात झाली, आणि तिथेही एका बाजूला हाच 'ओल्ड ब्लश' होता.

याचा तुझ्या आराखड्याशी थेट संबंध आहे. दारासमोर, जिथून दिवसातून दहा वेळा जाणे-येणे होईल, तिथे चिनी आणि बूरबाँ लाव. एकदाच फुलणारे मागच्या रांगेत असू देत, कारण बहर सरल्यावर ती नुसती हिरवी झुडपे असतात. मात्र ते वगळू नकोस. त्यांचा भर एकाच वेळी येतो आणि त्या दिवसांत बागेतले दुसरे काही डोळ्यांत भरत नाही. जागेला थोडी सावली असेल तर तिथे आल्बा दे; त्यांची पाने निळसर-राखाडी असतात आणि अर्ध्या उन्हातही ते तग धरतात. थंडी कडक पडत नसेल तर भर टी (हा हायब्रीड टीहून वेगळा, जुन्या गुलाबांचाच एक वर्ग), चिनी आणि नॉइझेटवर ठेव, आणि टी गुलाबांना कात्री शक्य तितकी कमी लाव.

यादीत 'मादाम हार्डी' आहे, हे पाहून मला विशेष समाधान वाटले. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानाचे प्रमुख हार्डी यांनी १८३२ साली हा पांढरा डमास्क आणला आणि त्याला पत्नीचे नाव दिले. कळीवर किंचित गुलाबी छटा असते. फूल उमलले की पाकळ्या आत दुमडत दुमडत चपट्या होतात आणि बरोबर मध्यभागी हिरव्या रंगाचा एक बारीक डोळा उघडा राहतो. त्याच्या जोडीला एखादा मॉस गुलाब अवश्य घे. त्याच्या कळीवर शेवाळासारखी दाट लव असते. ती दोन बोटांत हलकेच चोळली तर बोटे चिकट होतात आणि त्यांना राळेसारखा वास येतो. हा सुगंध पाकळ्यांच्या सुगंधाहून अगदी निराळा आहे.

बूरबाँच्या लांब फांद्या सरळ वर वाढू दिल्या तर फुले फक्त शेंड्याला येतात. त्या हळूहळू वाकवून जमिनीला किंवा तारेला समांतर बांध. शेंड्याचा जोर मोडला की फांदीवरचा जवळजवळ प्रत्येक डोळा, म्हणजे फुटवा येण्याची जागा, फुटतो आणि सबंध फांदीभर फुले येतात. वाकवायला कोवळी, लवचीक फांदी घे. जून फांदी कडकन मोडते.

रोपे घेताना ती स्वतःच्या मुळांवर वाढलेली आहेत की खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर, डोळा भरून केलेली, हे विचारून घे. खुंटावरच्या रोपाला जोडाच्या खालून येणारा फुटवा मुळाशी जाऊन उपटून टाकावा लागतो, नाहीतर काही वर्षांत खुंटच झाड बळकावतो. स्वतःच्या मुळांवरचे रोप सुरुवातीला मंद वाढते; पण गारठ्याने किंवा अपघाताने ते जमिनीलगत मेले, तरी पुन्हा फुटते ते त्याच जातीचे. गॅलिका स्वतःच्या मुळांवर असला की धुमारे टाकून आजूबाजूला पसरतो, म्हणून त्याच्या भोवती मोकळी जागा ठेव. लागवडीपूर्वी पाण्याचा निचरा तपास, खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळ आणि वरून पालापाचोळ्याचे आच्छादन दे. पहिली दोन वर्षे झाड मुळांचेच काम करत असते. त्या काळात ते किरकोळ दिसले म्हणून उपटून दुसरे लावू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या आसपास त्याचा खरा आकार दिसू लागतो, म्हणून दोन झाडांमधले अंतर त्या आकाराच्या हिशेबाने ठेव. आराखड्यात तू ते फारच कमी धरले आहेस.

आराखड्यात भिंतीची दिशा दिसते, पण तिच्यावर ऊन किती वेळ असते ते तू लिहिलेले नाहीस. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाहून तेवढे कळव, म्हणजे तिथे नॉइझेट चढवायचा की आल्बा, हे आपण दोघी ठरवू.

तुझी,
आई